एव्हरेटची अनेक विश्वं घ्यावीत की बोमचं एकच?

दोन फटींचा प्रयोग तोंडपाठ आहे, श्रोडिंगरच्या मांजरावरचे विनोद ऐकून कंटाळा आलाय, आणि आता ‘क्वांटम भौतिकशास्त्राच्या या सगळ्याचा अर्थ काय घ्यायचा’ यावर एकदाचं काहीतरी ठरवायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. निवड दोन अर्थांमधली: ह्यू एव्हरेटच्या मते प्रत्येक शक्यता कुठल्या ना कुठल्या विश्वात घडते, डेव्हिड बोमच्या मते विश्व एकच. प्रयोगाच्या भरवशावर ही निवड होत नाही, हे आधीच सांगतो. पडद्यावरचे पट्टे एव्हरेटवाल्याला जसे दिसतात तसेच बोमवाल्याला. निवड होते ती तुम्हाला कुठला प्रश्न छळतो यावर. मला छळणारा प्रश्न असा: जे झालं त्याऐवजी दुसरं काही होऊ शकलं असतं का, आणि झालं त्यात माझा हात किती?

कोपनहेगनवर, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या अर्थावर, फार वेळ घालवत नाही. वर्गात मीही तेच शिकवतो, कारण परीक्षेत तेच येतं. पण मोजमाप केलं की तरंगफलन (कणाच्या सगळ्या शक्यता सांगणारा तरंग) कोसळतं, म्हणजे एकच शक्यता उरते, असं म्हणायचं, आणि मोजमाप नेमकं कशाला म्हणायचं ते सांगायचं नाही, याने कुणाचं समाधान होत असेल तर त्याने पुढे वाचायची गरजच नाही. त्या कोसळण्याला नीट समीकरणात बसवणारी मंडळीही आहेत. १९८६ मध्ये गिरार्डी, रिमिनी आणि वेबर या तिघांनी मांडलं की प्रत्येक कणाचा तरंग आपोआप, सरासरी तीसेक कोटी वर्षांतून एकदा कोसळतो. एकट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते कधी जाणवणारच नाही. टेबलात मात्र इतके कण असतात की क्षणाच्या बारीक तुकड्यातही कुणीतरी कोसळतोच, आणि त्याच्यासोबत अख्खं टेबल जागेवर येतं. सिद्धांत प्रामाणिक आहे, आणि त्याची भाकितं किंचित वेगळी येतात, म्हणजे तो प्रयोगाने खोटाही ठरू शकतो. पण इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हाती लागतो तो निव्वळ फासा. मी हो म्हणालो की नाही, हे डोक्यातल्या एखाद्या कणाच्या लहरीवर ठरलं असेल, तर तो निर्णय माझा कसा? यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य, असं समजणारे बरेच भेटतात. मला ते कधीच पटलं नाही.

उरले दोघं. गंमत म्हणजे दोघंही प्रिन्स्टनचे. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये लागोपाठ दोन निबंध छापले, पण तोवर तो अमेरिकेबाहेर पडला होता. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याने साक्ष द्यायला नकार दिला, अटक झाली, निर्दोष सुटला, तरी विद्यापीठाने त्याला पुन्हा घेतलं नाही आणि तो ब्राझीलला गेला. ह्यू एव्हरेटचा प्रबंध १९५७ चा, मार्गदर्शक जॉन व्हीलर. तो तर पीएचडीनंतर भौतिकशास्त्रातच राहिला नाही, पेंटागॉनच्या कामाला लागला. दोघांचंही म्हणणं त्या काळी फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आधी एव्हरेट, कारण सध्या चलती त्याची आहे.

त्याच्याकडे कोसळणं नाही. समीकरण एकच, ते कधी मोडत नाही, आणि त्यात जे जे येतं ते सगळं खरं. मोजमाप झालं की यंत्र, प्रयोगशाळा आणि तुम्ही, सगळे शाखांमध्ये वाटले जाता. पुढे ज्याने ‘अनेक विश्वं’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं, त्या ब्राइस डेविटचीच सुरुवातीची तक्रार होती की मला काही आपले तुकडे पडताना जाणवत नाहीत. एव्हरेटने निबंधाच्या तळटीपेत उत्तर दिलं: कोपर्निकसलाही लोक हेच म्हणायचे, पृथ्वी फिरते तर आम्हाला कसं जाणवत नाही? उत्तर चोख आहे. डेविटनेही ते मानलं.

शक्यतेच्या बाबतीत एव्हरेट सगळ्यांच्या पुढे आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ‘असंही होऊ शकलं असतं’ असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. ते खरं कशामुळे ठरतं, याचं उत्तर एकच विश्व मानणाऱ्याला जड जातं, कारण जे झालंच नाही ते कुठे दाखवणार? एव्हरेट सरळ बोट दाखवतो: ती बघा, ती दुसरी शाखा. तिथे तसं झालं. शक्यतेला असा पत्ता देणारा सिद्धांत भौतिकशास्त्रात मला दुसरा माहीत नाही.

इथे दोन गैरसमज आधी काढून टाकावे लागतात. पहिला, एका शाखेतून दुसरीत जाता येतं हा. मराठी वाचकाला हा विषय बहुधा पहिल्यांदा भेटला तो जयंत नारळीकरांच्या पानिपतच्या कथेत. नारळीकर जन्माने आमच्या कोल्हापूरचेच, १९३८ चे. त्या कथेतले प्राध्यापक, पानिपतात मराठे जिंकले अशा इतिहासात जाऊन परत येतात. कथेला ते शोभतं, पण एव्हरेटच्या हिशेबात शाखा एकदा वेगळ्या झाल्या की त्यांचा व्यवहारात संबंध संपला. तिकडून पुस्तकाचं पानसुद्धा येत नाही.

दुसरा गैरसमज जास्त पसरलाय: मी चहा घेतला तर दुसऱ्या विश्वात मी कॉफी घेतली. असं काही ठरलेलं नाही. शाखा फुटते ती क्वांटम घटनेवर, तुमच्या मनात आलं म्हणून नाही. मॅक्स टेगमार्कने २००० मध्ये हिशेब मांडला की मेंदूतल्या पेशींच्या पातळीवर सुपरपोझिशन (एकाच वेळी अनेक अवस्थांत असणं) टिकलीच तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी टिकेल. विचार चालतो हजारांश सेकंदांत. म्हणजे तुमचे विचार चालतात ते जवळपास जुन्या, न्यूटनी चालीनेच. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जसे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात, कुणी साहेब येऊन बटण दाबत नाही, साधारण तसं. पाणी चढलं की दरवाजा उघडणार, आणि खाली राजाराम बंधाऱ्यावर आपण पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागली का ते बघत बसणार. ठाम मताच्या माणसाचे बरेच निर्णय एव्हरेटच्या बहुतेक सगळ्या वजनदार (म्हणजे जास्त संभाव्यतेच्या) शाखांत सारखेच निघतील. मला मटणाचं ताट समोर आल्यावर पांढरा रस्सा आधी की तांबडा, यावर विश्व फुटत असेल असं वाटत नाही.

खरंच फोडायचं असेल तर उपाय आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत निर्वात पोकळीतली क्वांटम चलबिचल मोजून त्यातून यादृच्छिक आकडे काढतात आणि ते इंटरनेटवर मिळतात. आमचा एक मित्र पक्का एव्हरेटवादी आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ की मिसळ असा वाद झाला की तो फोन काढतो, आकडा मागतो, सम आला तर भेळ. “भावा, दोन्ही खाल्लं आपण,” हे वर. मिसळीच्या शाखेतल्या माझा मला हेवा वाटतो, तो भाग वेगळा. पण बघा काय झालं: दोन्ही घडण्याची खात्री हवी म्हणून त्याला आधी निवडणंच सोडून द्यावं लागलं. आकड्याने ठरवलं, त्याने नाही. अनेक विश्वांनी शक्यता भरपूर दिल्या, पण त्या शक्यता माझ्या निवडीच्या नव्हत्या. गिरार्डी मंडळींचा तोच फासा, फक्त इथे त्याच्या सगळ्या बाजू एकदम वर येतात.

एव्हरेटवाले याला एक चांगलं उत्तर देतात, ते इथे नोंदवतो. ते म्हणतात, तू कसा माणूस आहेस यावर ठरतं की किती वजनाच्या शाखांत तू नीट वागतोस. सवयी सुधार, अभ्यास कर, सावध राहा, म्हणजे चांगल्या शाखांचं वजन वाढेल. संपूर्ण पसारा आधीच ठरलेला असला तरी तो ठरतो तो तुझ्यातूनच. मला हे पटतं. इच्छास्वातंत्र्य म्हणजे कारणांच्या साखळीतून सुटणं नव्हे, ती साखळी आपल्या विचारातून जाणं, हे मान्य असेल तर एव्हरेट इथे बोमपेक्षा कुठेही कमी पडत नाही.

आता बोम. तरंग आहेच, पण कणही आहेत. प्रत्येक कणाला प्रत्येक क्षणी ठराविक जागा आहे, आणि तरंग त्याला वाट दाखवतो. कल्पना मुळात द ब्रॉय्‌लीची, १९२७ ची. बोमने ती पूर्ण केली. जॉन बेलने ते निबंध वाचले आणि जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते कुणीतरी करून ठेवलंय हे त्याच्या ध्यानात आलं. १९६४ चं त्याचं सुप्रसिद्ध प्रमेय तिथूनच सुचलं. २०२२ चं नोबेल ज्या प्रयोगांना मिळालं त्यांचं मूळही तेच.

१९७९ मध्ये फिलिपिडिस, ड्यूडनी आणि हायली यांनी दोन फटींसाठी बोमच्या वाटा संगणकावर काढल्या. ते चित्र जरूर बघा. फटींमधून निघालेल्या रेषा नागमोडी वळत पडद्यावर पट्ट्यांत जमा होतात, आणि वरच्या फटीतून निघालेली एकही रेषा मधली सीमा ओलांडून खाली जात नाही. म्हणजे कण पडद्यावर कुठे पडला ते बघून तो कुठल्या फटीतून आला ते सांगता येतं. वर्गात वर्षानुवर्षं ‘हा प्रश्नच विचारायचा नाही’ असं सांगितल्यावर हे चित्र पाहताना जरा चुकल्यासारखं होतं.

स्वातंत्र्याच्या बाजूने बोम वरवर कंजूष वाटतो. सुरुवातीच्या जागा ठरल्या की पुढचं सगळं ठरलं, आणि घडणार तेही एकदाच. ‘दुसरं होऊ शकलं असतं’ याचा अर्थ एवढाच उरतो की कण सुरुवातीला केसभर इकडे असते तर. पण यात एक गोष्ट आहे जी मला मोलाची वाटते. बोमच्याच गणितातून निघतं की कणांच्या नेमक्या जागा कुणालाही बॉर्नच्या नियमाने (तरंगावरून संभाव्यता काढायच्या नियमाने) दिलेल्या मर्यादेपलीकडे कळू शकत नाहीत. सगळं ठरलेलं आहे, तरी ते आधी वाचून दाखवणारा कुणी असूच शकत नाही, मी स्वतःही नाही. मग मला काय उरतं? विचार करून ठरवणं. ते केल्याशिवाय ठरलेलं काय होतं हे कळायचा मार्गच नाही. लाप्लासच्या राक्षसाला, म्हणजे सगळ्या कणांची स्थिती जाणून पुढचं सगळं सांगणाऱ्या त्या काल्पनिक प्राण्याला, बोमने पगारावर ठेवलं, पण खिडकी बंद करून.

इथपर्यंत पारडी सारखीच होती, खरं तर एव्हरेटकडे थोडी झुकलेली. झुकाव बदलला तो एका कटकटीमुळे, आणि ती कटकट समीकरणात नाही.

गळीत हंगामात गगनबावडा रस्त्यावरून रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेली, स्पीकरवर गाणी फुल, आणि मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मुलगी मागे पाठीला टेकून पेंगत होती. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला, तो गेला, आणि त्या अंधारात एकदम ऊसच दिसला, अगदी हेडलाइटच्या उजेडात वाळलेली पानंसुद्धा. ब्रेक, गाडी घसरत साइडपट्टीच्या खडीत, एक टोक हेल्मेटला खर्रकन घासून गेलं. थांबलो. मुलगी जागी झाली. “काय झालं, बाबा?” मी म्हटलं, “काही नाही गं.”

पुढच्या वेळी मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी हेल्मेट बघितलं, आणि मग न राहवून म्हणालाच, “तुझ्या शाखेत काही नाही.” त्याचा हेतू वाईट नव्हता, एव्हरेटच्या हिशेबाने तो बरोबरच बोलत होता. स्नायू हलायला लागणारा वेळ, खडीवर टायर कसा पकडतो, यात सूक्ष्म पातळीवरून वर येणारा थोडा तरी फरक शाखाशाखांत असणारच. म्हणजे कुठल्यातरी शाखेत ते टोक हेल्मेटच्या चार बोटं खाली आलं. त्याच रात्री, त्याच रस्त्यावर, आणि मागे तीच मुलगी, जिने त्या दिवशी सकाळी माझ्याच हातचा डबा नेला होता.

मित्राचं उत्तर ठरलेलं: त्या शाखेचं वजन कमी आहे. डेव्हिड डॉइचने १९९९ मध्ये आणि पुढे डेव्हिड वॉलेसने दाखवलंय की शहाण्या माणसाने शाखांची काळजी त्यांच्या वजनाच्या प्रमाणातच करावी, तरंगफलनाच्या मूल्याचा वर्ग घेऊन. त्यातून संभाव्यतेचा नेहमीचा नियम मिळतो. गणितात मला खोट काढता येत नाही. निर्णय घेण्यापुरतं ते पुरेसंही आहे: रात्री हळू चालवा, ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, हे दोन्ही सिद्धांत सारख्याच जोराने सांगतात. माझं अडतं ते घटना होऊन गेल्यावर. कमी वजनाच्या शाखेतली मुलगी कमी मुलगी असते का? तिला लागतं ते पूर्ण लागतं. संभाव्यता एका विश्वातली असेल तर धोका टळला म्हणजे टळला, छातीतली धडधड थांबवायला मला आधार आहे. एव्हरेटमध्ये धोका टळत नाही, फक्त वाटला जातो. मुलीला मी जे उत्तर दिलं ते बोमच्या विश्वात खरं आहे. एव्हरेटच्या विश्वात ते एका बापाने केलेलं सोयीचं विधान आहे.

यावर मित्राने चांगला डाव टाकला. विश्व अनंत असेल, आणि तसं मानायला विश्वरचनाशास्त्रात वाव आहे, तर एव्हरेट नसतानाही कुठेतरी अब्जावधी प्रकाशवर्षं दूर हुबेहूब तशी मुलगी, तसा बाप, तसा ऊस असेलच. तिथे काय करशील? मुद्दा खरा आहे. मी एवढंच म्हणेन की ती दुसरी कुणाची तरी मुलगी आहे. तिचा आणि माझा भूतकाळ एक नाही, फक्त सारखा आहे. एव्हरेटच्या शाखांना भूतकाळ एकच असतो, ब्रेक दाबेपर्यंतचा. फरक तोकडा वाटत असेल तर वाटो, माझ्यासाठी तो पुरला.

बोमवर डॉइचचा टोमणा जुना आहे: हा अनेक विश्वांचाच सिद्धांत आहे, फक्त ते नाकारत बसलेला. टोमण्यात तथ्य आहे. बोमचा तरंगही मोडत नाही, त्यातही त्या सगळ्या शाखा असतात. फरक एवढाच की कण एकाच शाखेत असतात, बाकीच्या रिकाम्या. आता तुम्ही माणूस कशाचा बनलाय असं मानता, यावर सगळं येऊन ठेपतं. कणांचा बनलाय म्हणाल तर रिकाम्या शाखेत कुणी नाही, फक्त तरंगाचा आकार आहे. तो आकारच पुरेसा म्हणाल तर तुम्ही एव्हरेटकडे पोचलात, मग कणांचा खर्च कशाला? दोन्ही बाजूंनी हुशार लोक आहेत. मी कण घेतले.

घ्यायचं कुणी काय? विश्वरचनाशास्त्र किंवा क्वांटम संगणनात काम करायचं असेल तर एव्हरेट सोयीचा पडेल. डॉइचने सार्वत्रिक क्वांटम संगणकाची कल्पना १९८५ मध्ये मांडली तीही याच विचारातून, आणि सगळं विश्वच एक तरंग मानायचं तर बाहेरचा निरीक्षक आणायचा कुठून, हा प्रश्न एव्हरेटला पडत नाही. ‘माझ्या हातून निसटलेल्या शक्यता गेल्या कुठे’ या विचाराने ज्याची झोप उडते, त्यालाही कदाचित एव्हरेटच बरा वाटेल. मी कुणाला अडवणार नाही. ज्याला आपण जे टाळलं ते खरंच टळलं असं म्हणायचंय, त्याने बोम बघावा.

घेताना त्याची पडती बाजू माहीत असू द्या. बोममध्ये इथल्या कणाची वाट तिथल्या कणावर त्याच क्षणी अवलंबून असते, मध्ये कितीही अंतर असो. ‘त्याच क्षणी’ म्हटलं की कुणाच्या घड्याळाने, हे विचारणं आलं, आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतेशी भांडण सुरू होतं. संदेश काही प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, त्यामुळे प्रयोगात ते भांडण दिसत नाही, पण समीकरणाच्या पोटात ते आहे. कण जन्मतात आणि नाहीसे होतात त्या क्षेत्रसिद्धांतात बोमला बसवण्याचे प्रयत्न झालेत, पण एव्हरेटइतक्या सहज तो तिथे बसत नाही. मित्र दर वेळी इथेच दाबतो, आणि इथे माझ्याकडे सांगण्यासारखं फार काही नसतं. उद्या याच कारणाने बोम सोडावा लागला तर मी एव्हरेटकडे जाणार नाही, गिरार्डी मंडळींकडे जाईन. फासा माझा नाही, ही तक्रार वर केलीच आहे, पण तो तिथे एकदाच पडतो.